वायरीवरचं नख

१

रेडिओवाल्यांचा दिवस ठरलेला असायचा. सकाळचा चहा झाला की मागच्या खोलीत जायचं, टेबलावरचा दिवा लावायचा, चष्मा पुसायचा आणि कामाला बसायचं. जेवण झालं की पिशवी उचलून क्लबच्या हॉलकडे. तिथे हौशी मंडळींनी छोट्या आगगाड्यांसाठी लांबच लांब रूळ मांडून ठेवले होते. तयार झालेली इंजिनं त्यावर पळवून बघायची, थोड्या गप्पा हाणायच्या आणि संध्याकाळच्या चहाला घरी.

रेडिओ दुरुस्तीला आता कोणी येत नव्हतं. रेडिओच राहिले नाहीत तर येणार कोण? पण नाव एकदा चिकटलं ते चिकटलं. आता त्यांच्याकडे यायची ती इंजिनं. खेळण्यातली म्हटलेलं हौशी लोकांना खपत नाही, पण तळहातावर मावणारी, खऱ्या इंजिनाची हुबेहूब लहान केलेली. त्यांच्या पोटात आवाज बसवायचा, हे रेडिओवाल्यांचं काम.

आवाज म्हणजे काय, तर टपालाच्या तिकिटाहून लहान अशी एक पट्टी. तिला म्हणायचं डिकोडर. रुळांतून वीज येते, विजेबरोबर हुकूम येतात. चल, थांब, शिट्टी मार. ते हुकूम ओळखून डिकोडर मोटर फिरवतो आणि स्पीकरमधून खऱ्या इंजिनाचा आवाज काढतो. तांबडी नि काळी वायर चाकांकडे, नारिंगी नि करडी मोटरकडे, दोन बारक्या स्पीकरकडे. मोटरचं टोक इंजिनाच्या धातूला कुठे टेकता कामा नये. टेकलं की संपलंच. आणि स्पीकरला मागून घट्ट बंद डबी हवी, नाहीतर आवाज येतो पत्र्याखाली माशी सापडल्यासारखा.

या कामाला माणसाला हात कमी पडतात. एका हातात तापलेली सळई, दुसऱ्यात कथलाची तार. मग वायर धरायची कोणी? रेडिओवाल्यांकडे त्यासाठी एक स्टँड होता, त्याला दातेरी चिमटे. वायर त्यात पकडायची आणि कथील वितळवून जोडाला डाग द्यायचा. चिमट्याचे दात वायरीवर उमटायचे, पण इंजिनाच्या पोटात ते बघायला जातोय कोण?

काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, फार पूर्वी एकदा विचारलं होतं, “मी धरू का?”

“तू हलशील,” रेडिओवाले म्हणाले होते. रागाने नव्हे, आपलं सहज.

काकूंनी पुन्हा विचारलं नाही.

२

एका सकाळी दातांचे डॉक्टर आले. जुनं गिऱ्हाईक. दवाखान्यात दुसऱ्यांची तोंडं उघडायची, आणि इथे आले की स्वतःचं मिटायचं नाही, असा माणूस.

“रेडिओवाले, याचा पुढचा दिवा गेलाय बघा.” त्यांनी फडक्यातून काळं इंजिन काढलं. “आवाज मात्र काय बसवलाय तुम्ही. आमच्या हिला आधी हे सगळं पोरकटपणा वाटायचं. आता संध्याकाळी म्हणते, लावा ना जरा.”

रेडिओवाल्यांनी इंजिन टेबलावरच्या रुळाच्या तुकड्यावर ठेवलं आणि कळ फिरवली.

आधी वाफेची बारीक सळसळ आली. मग कुठेतरी खोल पाणी उकळायला लागलं. मग पहिला ठोका पडला, आणि रेडिओवाल्यांचा हात कळीवरच राहिला. हा डिकोडर त्यांनी कितीतरी वेळा बसवला होता. त्यातले आवाज त्यांना पाठ होते. पण ते असे कधी वाजले नव्हते. टेबलाचं लाकूड त्या आवाजाखाली भरल्यासारखं झालं. इंजिन उभं होतं आणि ते श्वास घेतंय असं वाटत होतं.

“कोणी बसवला हा?” त्यांनी विचारलं.

“कोणी म्हणजे? तुम्ही.”

“मी नाही.”

“आ करा बघू,” डॉक्टर म्हणाले. “दात बघून वय सांगतो तुमचं. अहो, याच खोलीतून नेलं मी. दुपारी आलो होतो. काकूंनी चहासुद्धा दिला.”

रेडिओवाले हसले. त्यांच्या मनात आलं, हा गेला असेल दुसऱ्या कोणाकडे. आता सांगायला लाजतोय. शिंपी बदलला की माणूस जुन्या शिंप्यासमोर नवा सदरा घालून यायचं टाळतो, तसंच हे. त्याला कशाला कोंडीत पकडा? त्यांनी इंजिन ठेवून घेतलं.

पण डॉक्टर गेल्यावर त्यांनी ते पुन्हा लावलं. आणि पुन्हा. गावात कोणीतरी आपल्याहून बरं काम करतंय, आणि आपल्याला त्याचं नावही माहीत नाही, ही गोष्ट त्यांच्या घशात अडकून बसली.

३

त्यांनी इंजिनाचं कवच उतरवलं.

दिव्याचं काम किरकोळ होतं, एक केसाएवढी वायर सुटली होती. ती त्यांनी लगेच लावली असती. पण आतलं काम बघून ते मागे टेकले.

वायरी अशा बसवल्या होत्या की त्यांना बसायचीच सवय असावी. कुठे ताण नाही, कुठे फुगवटा नाही. डाग अगदी बारीक आणि चकचकीत. स्पीकरच्या डबीची कड डिंकाने बंद केलेली, पण डिंक कुठे ओघळलेला नाही. आणि मोटरजवळ वायरींची जुडी पांढऱ्या दोऱ्याने बांधली होती.

आता, जुडी दोऱ्याने कोणी बांधत नाही. सगळे पिवळी चिकटपट्टी लावतात. रेडिओच्या दिवसांपासून दोरा बांधायची खोड फक्त रेडिओवाल्यांची. गाठसुद्धा त्यांचीच होती, डावीकडून घेतलेली. फक्त त्यांची गाठ जरा कचकन आवळलेली असायची. ही तशी नव्हती. घट्ट असून हलकी होती.

‘माझी नक्कल करतोय,’ त्यांनी स्वतःला समजावलं. ‘माझी कामं उघडून बघितली असतील. शिकला असेल.’ हे पटण्यासारखं होतं. पटलंही. पण नक्कल मुळाहून सरस कशी होते, याचं उत्तर त्यात नव्हतं.

मग त्यांनी भिंग घेतलं आणि चिमट्याच्या दातांच्या खुणा शोधल्या. कुठेच नव्हत्या. डाग देताना वायरीवरचं प्लास्टिक तापून मऊ पडतं. ज्याने धरलं असेल त्याची खूण त्यावर राहतेच. दात नव्हते, पण दुसरं काहीतरी होतं. प्रत्येक डागाच्या अलीकडे एक बारकी कोर. नखाची.

म्हणजे या माणसाला वायर धरून देणारं कोणीतरी होतं. शेजारी बसून, श्वास रोखून, बोट न हलवता.

रेडिओवाल्यांना पहिल्यांदा खरा हेवा वाटला तो इथे. आवाजाचा वाटला होता, गाठीचा वाटला होता. पण तो कामाचा हेवा. हा निराळा होता. छातीच्या डाव्या बाजूला कोणीतरी अंगठा दाबून धरावा, तसा.

त्यांनी भिंग आणखी खाली आणलं. कोर अखंड नव्हती. मधे एक फट होती. नख मधोमध चिरलेलं असावं, आणि तसंच वाढलेलं असावं.

बाहेर काकूंनी हाक मारली, “अहो, चहा ठेवलाय.”

४

काकूंचा उजवा अंगठा एकदा खिडकीत सापडला होता. तेव्हापासून नख दोन फाकांत वाढायचं.

रेडिओवाले चहा पीत त्या अंगठ्याकडे बघत राहिले. कपाच्या कानाला तो टेकला होता. काकू गुणगुणत होत्या. कधीपासून गुणगुणायला लागली ही? चेहराही उजळल्यासारखा दिसत होता. माणूस रोज समोर असलं की दिसत नाही. आज दिसलं, आणि दिसलं ते दुसऱ्याने सांभाळून ठेवल्यासारखं.

“दुपारी तू काय करतेस?” त्यांनी विचारलं.

“काय म्हणजे?”

“मी हॉलवर जातो तेव्हा. कुठे बाहेर जातेस का?”

काकू हसल्या. “मला कुठे सोडता तुम्ही बाहेर जायला? जरा उठले की हाक. अगं, हे धर. अगं, इकडे ये.”

रेडिओवाल्यांनी बशीत चहा ओतला आणि तो निवेपर्यंत बशीकडेच बघत बसले. थट्टा करतेय, असं त्यांनी धरून चाललं. लपवणारी बाई अशी मोकळी हसत नाही, हेही त्यांना कळत होतं. पण हेव्याला कळण्याशी काय देणंघेणं? त्यांच्या डोळ्यांसमोर एक खोली आली. तिथे एक टेबल, एक दिवा, आणि एक माणूस. त्या माणसाला तोंड नव्हतं. त्याच्याकडे कौशल्य होतं, वेळ होता, आणि शेजारी काकू होत्या.

त्या दुपारी हॉलवर त्यांचं लक्ष लागलं नाही. क्लबचे चिटणीस म्हणाले, “रेडिओवाले, हल्ली तुमचं काम फारच सुधारलंय हो. उतारवयात एवढी सुधारणा बरी नव्हे, आमची पंचाईत होते.” आणि त्यांनी फडताळातली इंजिनं दाखवली. तीन-चार होती. रेडिओवाल्यांनी त्यांतलं एक उघडलं, मग दुसरं उघडलं नाही.

पांढरा दोरा. हलकी गाठ. फटीची कोर.

५

दुसऱ्या दिवशी ते दुपारी गेलेच नाहीत.

जेवण झाल्यावर मागच्या खोलीत येऊन बसले. मनाशी ठरवलं होतं की एक इंजिन स्वतः, मन लावून, आयुष्यात केलं नाही असं करायचं. बघू तो कोण मोठा लागून गेलाय. हिरवं इंजिन काढलं, नवा डिकोडर काढला. खोलीत आले तेव्हा टेबलाशी दोन स्टुलं होती. एक त्यांचं. दुसरं स्वयंपाकघरातलं, आणि त्यावर चौघडी केलेलं एक जुनं मऊ पांघरूण, बसायला.

थोड्या वेळाने काकू आल्या. हात धुऊन, पदराला पुसत, चष्मा लावून. काही न विचारता त्या स्टुलावर बसल्या आणि उजवा हात पुढे करून थांबल्या.

“काय?” रेडिओवाले म्हणाले.

“कुठली धरू? करडी ना?”

रेडिओवाल्यांनी करडी वायर पुढे सरकवली. काकूंनी ती अंगठ्याच्या नखाने आणि बोटाने अशी धरली की दगडात खिळा असावा. जराही हलली नाही. हलला तो रेडिओवाल्यांचा हात. सळई घसरली, कथलाचा थेंब भलतीकडे पडला.

“हलू नकोस,” ते खेकसले.

काकूंनी हात मागे घेतला नाही. फक्त त्यांच्याकडे बघितलं. बघण्यात राग नव्हता. चुकीच्या दारावर थाप मारली गेली की आतलं माणूस दिसल्यावर आपण बघतो, तसं काहीतरी.

“दुपारी तुम्ही असं नाही बोलत,” त्या म्हणाल्या.

“मग आत्ता काय आहे? दुपारच आहे.”

“हो,” काकू म्हणाल्या. त्यांनी खिडकीतल्या उन्हाकडे बघितलं, मग पुन्हा त्यांच्याकडे. “दुपारच आहे खरी.” आणि त्या हळूच उठल्या, पांघरूण नीट केलं, स्टूल तिथेच ठेवलं आणि बाहेर गेल्या. दाराशी थांबून त्यांनी एकदा खोलीभर नजर फिरवली. कोणी यायचं राहिलंय का, ते बघावं तशी.

रेडिओवाल्यांनी वायरी चिमट्यात धरून इंजिन पुरं केलं. रुळावर ठेवलं. चाकं फिरली, दिवा लागला, इंजिन छान पुढे गेलं आणि मागे आलं. पण स्पीकर मुका होता. वायरी तपासल्या, स्पीकर बदलला, डबी बदलली. मग डिकोडर काढून दुसरा घातला. इंजिन निमूट पुढे जात होतं, निमूट मागे येत होतं.

६

माणूस म्हातारा झाला की विसरतो. रेडिओवाल्यांनी अंथरुणावर पडून याच गोष्टीचा आधार घेतला. हॉलवर जातो असं मला वाटतं, पण एखाद्या दुपारी जात नसेन. घरीच बसत असेन. काम करत असेन, हिला हाक मारत असेन, आणि मग सगळं पुसलं जात असेल. डॉक्टरी भाषेत त्याला काही नाव असेलही. म्हणजे तो दुसरा कोणी नाहीच. मीच तो.

वाटलं होतं, या विचाराने बरं वाटेल. परका माणूस घरात शिरला, यापेक्षा हे कितीतरी बरं. पण बरं वाटेना. उलट छातीतला अंगठा आणखी रुतला.

तो मीच असेन, तर ती गुणगुणते ती त्याच्यामुळे, आणि माझ्यामुळे कधी का नाही? त्याने तिला स्टूल दिलं. मऊ पांघरूण त्याला सुचलं. मला आयुष्यभर का सुचलं नाही? त्याच्या हाताखाली ती हसली असेल, ते हसणं माझ्याच कानांनी ऐकलं असेल, तर मला एवढंसुद्धा का आठवू नये? परक्याचा हेवा केला की निदान त्याला शिव्या देता येतात. इथे द्यायच्या कोणाला?

बाजूला काकू झोपल्या होत्या. झोपेत त्यांचा अंगठा आणि बोट जुळलेली होती. काहीतरी धरून ठेवल्यासारखं.

७

दुसऱ्या दिवशी जेवल्यावर त्यांनी नेहमीसारखी पिशवी उचलली. मुकं हिरवं इंजिन खोक्यात घातलं.

“जातो गं.”

“या,” काकू म्हणाल्या. त्या हात धूत होत्या.

रेडिओवाले कोपऱ्यापर्यंत गेले. वाण्याच्या दुकानाच्या सावलीत उभे राहिले. वाण्याने विचारलं, “कोणाची वाट बघताय?” ते म्हणाले, “कोणाची नाही.” एक हातगाडी गेली, एक बाई छत्री उघडून गेली. त्यांच्या घराच्या जिन्यावर कोणी चढलं नाही, हे त्यांनी डोळ्यांत तेल घालून बघितलं. मग ते परत फिरले.

जिना चढतानाच आवाज आला. आधी वाफेची सळसळ. मग पाणी उकळलं. मग पहिला ठोका. भिंतीला हात लावला तर भिंतीत ठोका लागत होता. आणि त्या आवाजाच्या मधोमध काकू हसल्या. मोठ्याने नव्हे. कोणीतरी हळू काहीतरी सांगितलं असावं, आणि हातातलं काम हलू नये म्हणून हसू दाबलं असावं, आणि तरी ते फुटलं असावं, तसं.

त्यांनी खिसा चाचपला. किल्ली होती. पण किल्ली लावायचा धीर होईना. स्वतःच्या घराची घंटा त्यांनी पहिल्यांदाच वाजवली.

ठोके थांबले. पावलं आली. दार उघडलं. काकूंच्या नाकावर चष्मा होता, गालावर हसू अजून मावळलं नव्हतं. त्यांनी रेडिओवाल्यांकडे बघितलं, मग हातातल्या खोक्याकडे.

“या ना,” त्या म्हणाल्या. “बसा. आतच आहेत ते. हात गुंतलेत, येतीलच एवढ्यात.”

“अगं,” रेडिओवाले म्हणाले. “मी आहे.”

“हो, हो, बसा की.” काकूंनी खुर्चीवरचं वर्तमानपत्र उचललं. “ऊन फार आहे आज. पाणी आणू?”

“अगं, मला बघ तरी.”

काकूंनी बघितलं. चांगलं निरखून, मान जरा कलती करून, लांबच्या ओळखीतलं कोणी असेल तर आपण ओळख दाखवायची राहू नये म्हणून बघतात तसं. “डॉक्टरांनी पाठवलं ना तुम्हाला?” त्या म्हणाल्या. “ते फार जणांना पाठवतात. यांचं काम आवडतं त्यांना.”

मागच्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं होतं. दाराला अंधूक काच. काचेपलीकडे दिवा होता, टेबल होतं, आणि फटीतून टेबलाची एक कड दिसत होती. चिमट्यांचा स्टँड तिथे नव्हता. एक हात दिसत होता. सुरकुतलेला, मनगटावर भाजल्याचा जुना डाग असलेला. तो डाग रेडिओवाल्यांच्या मनगटावरही होता. हातात सळई होती आणि हात थांबला होता. घाई नव्हती त्याला. वाट बघायची सवय असलेल्या माणसाचा हात होता.

“कोण आहे गं?” आतून विचारलं. आवाज त्यांच्याच घशातला होता, फक्त त्या घशाला कधी चिडायची वेळ आली नव्हती.

“गिऱ्हाईक आहे,” काकू म्हणाल्या. “बसवलंय.”

“बरं केलंस. आलोच म्हणावं. हा एवढा डाग झाला की आलोच. काय बिघडलंय, विचारून ठेव.”

रेडिओवाल्यांना आत धावून जायचं होतं. काच फोडावी, तो हात धरून ओढावा आणि त्याचं तोंड बघावं. पाय उचलला गेला नाही. खरं सांगायचं तर भीतीने नव्हे. काचेपलीकडे ते काम चाललं होतं, आणि ते कसं करतात हे बघायची त्यांना अशी आस लागली होती की बाकी सगळं मागे पडलं. काकूंनी त्यांच्या हातातून खोकं अलगद घेतलं. त्यांच्या बोटांना काकूंचा अंगठा लागला. ते खुर्चीच्या कडेवर बसले.

“काय बिघडलंय म्हणून सांगू त्यांना?” काकूंनी विचारलं. दाराकडे निम्म्या वळलेल्याच होत्या. तिकडे जायची घाई त्यांच्या खांद्यांत दिसत होती.

रेडिओवाल्यांनी गुडघ्यांवर हात ठेवले. या खुर्चीवर बसून गिऱ्हाइकं जशी जरा ओशाळून सांगतात, तसं ते सांगू लागले.

“चालतं चांगलं,” ते म्हणाले. “पण आवाज येत नाही.”